दाताचं औषध

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. डबी म्हटलं की तुम्हांला कुंकू आठवेल, कापूर आठवेल. माझ्या पोटात मात्र मिसरी असायची. मिसरी म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात वीस वर्षं कुणी ते तोंडातून काढलं नाही, आणि त्याचाच मला संताप आहे.

गंगाखेडच्या बाजारात भागम्माबाईंनी मला पारखून घेतलं. तेव्हा मी लखलखत होते. बाईंचं चुडाव्याला किराणा दुकान. घर शिवभक्तांचं, सगळ्यांच्या गळ्यात लिंग. तोंड स्वच्छ केल्याशिवाय लिंगपूजेला बसायचं नाही, हा बाईंचा नेम. म्हणून सकाळी मिसरी. इथवर मी समजून घेतलं. पण पूजा दिवसातून एकदा, आणि मी उघडायचे आठदा! जेवण झालं की मी, गिऱ्हाईक गेलं की मी, शेजारणीशी वाजलं की मीच. एवढे कुणाचे दात मळतात हो?

एकदा लेकाच्या, शिवकुमारच्या, खिशात तंबाखूची पुडी सापडली. बाईंनी ती चुलीत टाकली. "गळ्यात लिंग आन् खिशात तमाकू? लाज वाटत न्हाई तुला?" असं म्हणून तीन दिवस त्याच्याशी अबोला धरला. आणि हे बोलताना त्यांचं बोट माझ्यात होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! झाकण तेवढं माझं.

मग बाईंच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. ठेचा झोंबू लागला, भाकरीचा घास तोंडात फिरेना. गावच्या आशा कार्यकर्त्या बायनाबाई घरोघर तब्येतीची विचारपूस करत आल्या.

"काकू, तमाकू खाता का?"

"शिव शिव. आमच्यात चालत न्हाई."

"आन् मिसरी?"

"ती दाताला लावायची. ती कुठं तमाकूत धरत्यात?"

बायनाबाईंनी पूर्णेच्या दवाखान्यात चला म्हणून लय विनवलं. बाई म्हणाल्या, उष्णता झालीय, जाईल. बाई बायनाबाईंना फसवत असत्या तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण त्या स्वतःलाच फसवत होत्या, आणि ते त्यांना खरं वाटत होतं.

सून रुद्राणी पाच महिन्यांची गरोदर. तिची दाढ ठणकत होती. एका दुपारी तिनं मला कोनाड्यातून काढलं, झाकण उघडलं आणि चिमूटभर मिसरी बोटावर घेतली. तेवढ्यात बाई दुकानातून आत आल्या.

"काय करायलीस गं?"

"दाढ दुखायली, आत्याबाई. तुमचं दाताचं औषध लावावं म्हणलं."

"टाक आधी ते. तमाकू हाय ती. पोटातल्या लेकराला..."

बाई मध्येच थांबल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. रुद्राणीनं बोट पदराला पुसलं. मग बाई म्हणाल्या, "मी तमाकू खाती, रुद्राणी. वीस वर्सं झाली."

दुसऱ्याच दिवशी दोघी गाडीनं पूर्णेला गेल्या. चट्ट्याचा तुकडा तपासायला घेतलाय, निकाल अजून यायचा आहे. बाई मनातून घाबरल्या आहेत. मला घासूनपुसून रिकामं केलंय, तरी त्यांचा हात कोनाड्याकडे जातो. मग त्या मोठ्यानं म्हणतात, "दात मळले न्हाईत. सवय हाय मला." आणि हात मागं घेतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हांला जपा. मी म्हणणार नाही. मला खुशाल मोडीत घाला. पण तुमची सवय कोणतीही असो, तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारा. सुनेला वाचवायची वेळ आली तेव्हा बाईंना ते नाव एका क्षणात सापडलं. स्वतःला वाचवायला वीस वर्षं का सापडलं नाही?