खोडलेला लाभार्थी

"हे कुणी खोडलं?"

खिडकीतल्या कारकूनबाईंनी अर्ज काचेला टेकवून धरला. किल्लीकाकांनी चष्मा नीट केला, जणू स्वतःचं अक्षर ओळखायलाही चष्मा लागत होता.

"मीच."

"छापील शब्द आहे तो, काका. छापील शब्द खोडायचा नसतो."

"चुकीचा असला तरी?"

"चुकीचा नाहीये. सगळ्यांना हाच आहे."

"सगळ्यांचं मला माहीत नाही. माझ्या बाबतीत चुकीचा आहे."

सहीच्या जागेखाली 'लाभार्थी' असं छापलं होतं. काकांनी त्यावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'कुलूप दुरुस्त करणारा'. बाईंना हसू आलं, पण रांग लांब होती, म्हणून त्यांनी ते गिळलं आणि कोरा अर्ज पुढे सरकवला.

"परवा शुक्रवार. चारला खिडकी बंद. मग एकदम पुढच्या वर्षी, तेही योजना राहिली तर. आणि काका, ही काही भीक नाही हो. सरकारला उन्हाची वीज हवीय, गच्ची तुमची आहे. म्हणून निम्मा खर्च ते देतायत."

"मग तसं छापा ना. 'गच्चीवाला' म्हणा. मला चालेल."

रांगेतला मागचा माणूस खो खो हसला. काका काही विनोद करत नव्हते.

चौकातल्या टपरीत पस्तीस वर्षं त्यांनी किल्ल्या घासल्या. भोवतालच्या निम्म्या घरांची कुलपं त्यांना माणसांसारखी ओळखीची होती, पण कुणाच्या घरी त्यांनी कधी फुकटचा चहा घेतला नव्हता. सौर पॅनेल बसवणारा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याच्या हातातला कागद घेऊन काकांनी एकेक अक्षर जुळवलं. अ, नु, दा, न.

"यात दान आहे," ते म्हणाले.

"अहो काका, अनुदान! ते वेगळं असतं."

"कुलपाला रंग दिला म्हणून किल्ली बदलत नाही."

पॅनेलवाल्याने कपाळाला हात लावला.

याच्या मागे एक सदरा होता. काका सहा वर्षांचे, नुकतेच शाळेत जाऊ लागलेले असताना त्यांच्या आईला कुणी तरी जुने कपडे दिले होते. त्यातला निळा सदरा घालून ते शाळेत गेले, तर पुढच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, "हा माझा सदरा आहे." सगळा वर्ग वळून बघू लागला. काकांनी सदरा काढला, त्याच्या बाकावर ठेवला आणि उघड्या अंगाने घरी आले. शाळेत पुन्हा पाऊल टाकलं नाही. ही गोष्ट साऱ्या जगात एका बायकोलाच माहीत होती.

त्या बायकोच्या फुप्फुसांनी दोन वर्षांपूर्वी हात टेकले होते. तेव्हापासून काकूंच्या नाकात नळी आणि खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन. वीज गेली की मशीन ओरडायचं आणि काका हातातलं काम टाकून घराकडे पळायचे, सिलिंडर उघडायला. सिलिंडर दोन तास पुरायचा. गेल्या महिन्यात वीज पाच तास गेली. तिसऱ्या तासाला काकूंची नखं निळी पडली. रुग्णवाहिका वेळेवर आली म्हणून निभावलं. डॉक्टरांनी सोडताना सांगितलं, "दर वेळी असं निभावणार नाही."

पॅनेल आणि बॅटरी बसवली की मशीनला तारेतल्या विजेची वाट बघायला नको. काकांच्या गाठीशी पॅनेलपुरते पैसे होते. बॅटरी यायची ती अनुदानातूनच. हे काकांना कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर त्यांनी अर्ज भरला होता. तेवढा एक शब्द मात्र घशाखाली उतरला नव्हता.

घरी आल्यावर काकूंनी हात पुढे केला. "दाखवा."

काकांनी परत आलेला अर्ज दिला. तो वाचून काकू हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, खोकला थांबेना, तशी काकांनी पाठीवरून हात फिरवला. काकूंनी तो झटकला.

"हे खोडायला... वाचता यावं लागतं ना? कुणी शिकवलं?"



पंचवीस वर्षांपूर्वी, काकांना वाचता येत नव्हतं तेव्हा, त्यांच्याकडून किल्ल्यांना बांधलेल्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. एका घराची किल्ली दुसऱ्या घरी गेली, आणि ज्यांच्या घरी गेली त्यांचं पहिल्यांशी हाडवैर. नसती आफत ओढवली. त्या रात्री काकूंनी जमिनीवर खडूने 'अ' काढला होता. काका दोन दिवस रुसून बसले. बायकोकडून शिकायचं? तिसऱ्या दिवशी मुकाट्याने खडू घेऊन बसले. 'अ'ला किती दात आहेत, हे त्यांनी आधी विचारलं होतं.

"मी दिलं... तुम्ही घेतलंत," काकू म्हणाल्या. "ते काय होतं?"

"तू घरची आहेस."

"घरची! तेव्हा दोन दिवस... जेवला नव्हतात घरचं." त्यांनी दम खाल्ला. "घेतलंत. घेऊन काही... बुटके झाला नाहीत."

"अगं, पण..."

"ऐका. मला बोलायला... पुन्हा जमायचं नाही. मी मरायला भीत नाही. पण लोक विचारतील, कशाने गेली? काय सांगाल? शब्द... आवडला नाही म्हणून?"

काकांनी तोंड फिरवलं. मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले. दुसऱ्यांदा साबण लावला, तिसऱ्यांदा लावला. हातांना तेल तर नव्हतंच.

शुक्रवारी त्यांनी टपरी उघडली नाही. सकाळपासून जमिनीवर बसून नवा अर्ज भरला. व्यवसायाच्या रकान्यात 'कुलूप-किल्ली दुरुस्ती' इतकं दाबून लिहिलं की कागद मागून फुगला. सव्वातीनला ते खिडकीपाशी पोचले. कारकूनबाईंनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"सही राहिलीय."

"तुमच्यासमोर करतो."

'लाभार्थी' या शब्दाच्या वर त्यांनी सही केली. तीन वेळा श्वास घेतला, पण केली. बाईंनी शिक्का मारला आणि पोच हातात दिली.

काका हलेनात. "तुमच्या मागच्या कपाटाचं कुलूप ढिलं दिसतंय. अवजारं आहेत माझ्याकडे. देऊ करून?"

"कशाला, काका? त्या कपाटात काहीच नसतं."

"मग खुर्चीचा स्क्रू?"

"काका," बाई म्हणाल्या, "जा आता घरी. काकू वाट बघत असतील."

त्यांना काहीही करून न देता काका परत निघाले. बाहेरच्या पायरीवर क्षणभर उभे राहिले. मोकळे हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून खिशात घातले.

दीड महिन्याने पॅनेलं बसली. बसवणाऱ्याने शिडी लावली आणि काकांनी ती दोन दिवस धरून ठेवली. "अहो, सोडा, पडत नाही मी," तो म्हणत होता. "मला खाली दुसरं कामच नाही," काका म्हणाले. बॅटरी खाटेच्या पायथ्याशी बसली. काकूंनी तिच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं बघितलं, थोडं संशयाने.

मंगळवारी दुपारी काका टपरीत एका कुलपाचं पोट उघडून बसले होते. समोर गिऱ्हाईक उभं होतं. अचानक पंखा फिरता फिरता मंदावला आणि थांबला. शेजारच्या दुकानातला रेडिओ बंद पडला. काका उठले. अवजार कुठे पडलं, गिऱ्हाईक काय म्हणालं, काही कळलं नाही. गल्ली ओलांडली, कोपऱ्यावर डाव्या पायातली चप्पल निसटली, ती तिथेच राहिली. धापा टाकत त्यांनी दार ढकललं.

मशीन एकसारखं घुमत होतं.

काकू उशीला टेकून केस विंचरत होत्या. त्यांनी कंगवा थांबवला आणि नवऱ्याच्या अनवाणी पायाकडे बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"वीज गेली का?"

"गेली वाटतं."

"मग तुम्ही... का आलात?"

काकांनी सवयीने सिलिंडरकडे बघितलं, मग मशीनकडे, मग काकूंच्या नखांकडे. नखं गुलाबी होती.

"पाणी प्यायला," ते म्हणाले.

काकूंनी पुन्हा विंचरायला घेतलं. काकांनी भांडं भरून घेतलं, भिंतीला पाठ टेकली आणि एकेक घोट घेत सगळं पाणी संपवलं. मग आणखी एक भांडं भरलं.