सायकल कचेरीची मोटार

मी एक जुनी पांढरी मोटार आहे आणि मला एका सायकलीचा हेवा वाटतो. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर शेवटपर्यंत तुम्ही मला समजूतदार समजाल.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पत्र्यात लोक केस विंचरून घेत. एखाद्या भारदस्त खात्यात जाईन असं वाटलं होतं. पाठवलं मात्र आंतरराष्ट्रीय सायकल सहकार्य कचेरीत. शेजारशेजारच्या देशांनी मिळून सायकलीचा प्रसार कसा करावा, याच्या योजना तिथे आखत. योजना पुष्कळ, म्हणून बैठका पुष्कळ. आणि बैठका लांबलांब, म्हणून मोटार हवीच.

माझे ड्रायव्हर म्हणजे काका. चढ आला की स्टिअरिंग थोपटून म्हणायचे, "एवढा चढ काढ बये, पुढे उतारच आहे." पुढे बहुतेक वेळा दुसरा चढच असे. पण मी काढायची. थंडीत इतर मोटारी खोकत बसत. मी पहिल्या चावीला सुरू होई. कचेरीचे साहेब म्हणत, "गुणी गाडी आहे." मला साहेबांचं काय! मी काकांच्या तोंडाकडे बघायची.

मग ती आली. हिरवी, सडपातळ, पुढे वेताची टोपली.

"सायकलीच्या बैठकीला मोटारीतून उतरणं बरं दिसत नाही," साहेब म्हणाले. काकांनी माझ्या टपावर कॅरियर ठोकलं आणि तिला वर बांधलं. सवत डोक्यावर बसते असं ऐकून होते. माझ्या डोक्यावर तर दोरीनं आवळून बसवली.

तेव्हापासून रीतच पडली. सभागृहाच्या अलीकडच्या वळणावर मी थांबायची. काका तिला अलगद उतरवायचे. साहेब हेल्मेट घालून वळण ओलांडायचे आणि टाळ्यांत शिरायचे. फुलं तिच्या टोपलीत, फोटो तिचे, तापलेलं इंजिन माझं.

पुढे शेजारी देशांचा मोठा करार ठरला. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना जोडणारी एकच सायकलवाट! करार करायच्या दिवशी काका नेहमीच्या वळणावर दोरी सोडत होते, तेवढ्यात पलीकडच्या देशाच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख बाई तिथे पोचल्या. सायकलवरून, चिखलासकट. त्यांना आमची भाषा येत होती, हे आमचं दुर्दैव.

"बिघडली का हो सायकल?" त्यांनी विचारलं.

"छे छे, ठणठणीत आहे!" साहेब म्हणाले.

"मग वर का बसली होती?"

साहेबांनी काकांकडे पाहिलं. काका मदतीला धावले. "सवय नाही हो बाई तिला, एवढं चालायची."

बाई पोट धरून हसल्या. मग आत जाऊन त्यांनी करारात एक कलम वाढवलं: वाट आखणाऱ्या कचेऱ्यांनी मोटार ठेवायची नाही. साहेबांनी मान खाली घालून सही केली.

भंगाराची मला भीती नव्हती. काका दिसणार नाहीत, याची होती.

लिलावात मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी मागच्या आवारात राहिले. काकाही राहिले. त्यांना नव्या वाटेच्या पाहणीचं काम मिळालं आणि त्यासाठी वाहन मिळालं. ओळखलंत ना? तीच, हिरवी!

आता काकांचं पोट उतरलंय, गुडघे कुरकुरत नाहीत. डॉक्टरसुद्धा तिचंच कौतुक करतात. तिचा धूर नाही, गोंगाट नाही, दोन देशांची माणसं एका वाटेनं जातात-येतात. सगळं पटतं मला. पटल्यानं हेवा कमी होत नाही, हीच तर पंचाईत. परवा तिच्या साखळीला तेल घालताना काकांनी तिला नाव दिलं. कोणतं, ते मी सांगणार नाही. मला इतक्या वर्षांत नुसता नंबर होता.

मित्रांनो, सायकल चालवा. तिच्यात हवा भरा, साखळी कोरडी पडू देऊ नका, पावसात उभी ठेवू नका. दातओठ खात का होईना, पण मनापासून सांगते आहे. आणि कुठे आवारात एखादी जुनी मोटार दिसली, तर तिची काच पुसून तिलाही एक नाव द्या. सायकलीच्या नावापेक्षा एखादं अक्षर जास्त असलं, की झालं.