काळं, सुती, जाड

क्षमाने साडीच्या काठाला कात्री लावली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी साडी ताणून उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं.

"पदर सोड," कलावतीबाई म्हणाल्या. "बाकी काप."

"पदर तसाही नको आई. त्यावर बुट्टे आहेत. बुट्टे नियमात बसत नाहीत."

"चला. तुमच्या नियमाले तेवढी तरी अक्कल आहे."

साडी हातमागाची होती, काळी आणि जाड. कलावतीबाईंच्या पहिल्या संक्रांतीची. क्षमाला तिचे सहा-सहा इंचांचे चौकोन हवे होते. शहराबाहेर, तेलीबांध्याच्या पुढे, नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रुंद आणि निर्मनुष्य रस्त्यावर एक प्रयोगशाळा होती. तिथे ती विजेच्या पॅनेलांची परीक्षा घेत असे. परीक्षा सोपी. माणसाहून उंच लोखंडी कपाटात मुद्दाम बिघाड करायचा, आत अर्धा सेकंद विजेचा जाळ होऊ द्यायचा, आणि कपाटासमोर, चालवणारा माणूस उभा राहतो त्या जागी, काळ्या सुती कापडाचे चौकोन टांगायचे. कापड पेटलं नाही तर माणूस वाचला असं धरायचं. पेटलं तर पुढचं बोलायची पद्धत नव्हती.

नेहमीचं कापड परदेशातून यायचं, ते या वेळी बंदरात अडकलं. पंडरीच्या कापडबाजारात दुकानदाराने "एकदम प्योर कॉटन, दीदी" म्हणत मुलाची शपथ घेतली. क्षमाने तिथेच एक धागा पेटवून पाहिला, तर त्याचा वितळून मणी झाला. त्या मुलाची काळजी करत ती बाहेर पडली. शेवटी कलावतीबाईंनीच पेटी उघडली. पेटीत दोन काळ्या साड्या निघाल्या. दुसरी क्षमाची स्वतःची, मलमलची, इतकी तलम की तिच्यातून पलीकडचं कॅलेंडर वाचता यायचं.

"हिचेही चौकोन करून राहिली?" कलावतीबाईंनी विचारलं.

"असू द्या जवळ. जादाचे."

कलावतीबाईंनी मलमलचं टोक बोटांत चोळून पाहिलं.

"त्या कपाटासमोर गौतमच उभा राहते ना?"

कात्री थांबली. गौतम, तिचा नवरा, दोन राज्यं ओलांडून एका अणुवीज केंद्रात कामाला होता, आणि तिथे तो लोकांची पगारपत्रकं करतो, असं त्याने आईला सांगितलेलं होतं. ते खोटं गेली चार वर्षं क्षमाच निगुतीने सांभाळत होती.

"तो तर ऑफिसात बसतो, आई."

"हव, ऑफिसातच. सुट्टीवर आला की शर्ट मीच धुते. पगारपत्रकाचं ग्रीस निघता निघत नाही."

क्षमाने पुढचा चौकोन आखायला घेतला.

प्रयोगशाळेत पॅनेल मधोमध उभं होतं. गौतमच्या केंद्रातून आलेलं, तीस वर्षांचं, आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेलं. तिथे अजून तशीच बरीच होती, आणि त्यांचे दांडे माणसं रोज समोर उभं राहून हाताने फिरवत. हे पास झालं तर सगळं तसंच चालू राहणार होतं. नापास झालं तर माणसं तिथून हलवावी लागणार होती. केंद्राचे साहेब, विनायक खोत, ते पास व्हावं म्हणून सकाळपासून घामाघूम होते.

साहू फोरमनने पॅनेलला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि समोर नारळ फोडला.

"याला आता आपण स्फोटाने उडवणार ना?" खोतांनी विचारलं.

"हव साहब," साहू म्हणाला. "इसीलिए तो."

खोतांनी जाड साडीचा एक चौकोन वजनकाट्यावर ठेवला, नियमाशी ताडून पाहिला आणि मान हलवली. काळं, सुती, जाड. कुणी नेसलेलं नसावं, असं नियमात कुठेच नव्हतं. मग ते साहूबरोबर चहाला गेले आणि चौकोन टांगायला क्षमा एकटीच उरली.

पॅनेलसमोर कापड टांगायला उभ्या केलेल्या सांगाड्याच्या चौकटी रिकाम्या होत्या. तिने पिशवीत हात घातला तर आधी मलमल हाताला लागली. हिला निरांजनाची ज्योतही पुरली असती. काळ्याला काळं, सुतीला सुती. लांबून कुणाला कळलंही नसतं. गौतम उद्यापासून त्या कपाटासमोरून हलला असता. तिने छातीच्या उंचीवरच्या चौकटीत मलमलचा चौकोन बसवला आणि दोन पावलं मागे येऊन पाहिलं. कापडातून पॅनेलवरचं कुंकू स्वच्छ दिसत होतं.

ती पुन्हा सांगाड्यापाशी गेली. मग तो चौकोन काढून तिने ओढणीच्या गाठीत बांधला आणि सगळ्या चौकटींत सासूबाईंची साडी टांगली. शेवटचा चिमटा दोनदा निसटला.

परीक्षेच्या वेळी सगळे जाड भिंतीमागे गेले. साहूने डोळे मिटले. खोतांनी कानांत बोटं घातली. क्षमाने बटण दाबलं.

आवाज कानांपेक्षा पोटात जास्त झाला. धूर ओसरल्यावर दिसलं की पॅनेलचं दार बिजागरीवर लोंबकळतंय आणि फरशीवर वितळलेल्या ॲल्युमिनियमचे थेंब सांडलेत. सांगाड्याच्या खालच्या चौकटींत साडी शाबूत होती. पोटाच्या उंचीवर तिला भोकं पडली होती. छातीच्या उंचीवर नुसत्या चौकटी होत्या, आणि त्यांच्या कडांशी अजून लाल धग होती.

खोत सांगाड्यासमोर जाऊन उभे राहिले. रिकाम्या चौकटी आणि त्यांची छाती एकाच उंचीवर आली, तसे ते बाजूला सरकले. पुढे काही मोजायचं उरलंच नव्हतं. त्यांनी तिथूनच केंद्राला फोन लावला.

"आत्तापासून समोर कुणी उभं राहायचं नाही. नाही, उद्यापासून नाही. आत्तापासून."

क्षमा बाहेर आली आणि पायरीवर बसली. थोड्याच वेळात फोन वाजला.

"क्षमा, हे काय करून राहिले तुम्ही लोकं?" गौतम हसत होता. "इथं आम्हाले सगळ्यायले बाहेर काढलं. इतकी वर्षं काही झालं नाही, अन् तुमचं फडकं काय जळलं, एवढा गोंधळ. पातळ असंल कापड."

"नाही," क्षमा म्हणाली. "जाड होतं. तुझ्या साहेबांनीच वजन केलं."

"जाड?"

"तुझ्या शर्टापेक्षा जाड."

पलीकडे हसणं थांबलं. मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.

"कुठं जळलं?"

"छातीच्या उंचीवर."

पलीकडे खुर्च्यांचा आवाज मागे पडला.

"क्षमा."

"बोल."

"मी जेवणाचा डबा त्या कपाटावरच ठेवतो. वर गरम राहते."

ती हसू लागली. हसता हसता डोळे पुसायला ओढणीचं टोक शोधू लागली.

"आजपासून थंड खा," ती म्हणाली.