धाकट्या पातीचं कुंपण

“तार घ्या भिया, काटेरी तार!” खंडोजी लोखंडवाल्याने वेटोळं पायानेच पुढे ढकललं. “एकदा ताणून बसवली की बकरी तर सोडाच, पटवारीबी आत येनार नाही. चोराची तर बातच नको.”

जगदेवरावांनी एका काट्यावर अंगठा टेकवून पाहिला आणि चटकन मागे घेतला.

“हाताला लागते हो.”

“लागणारच! लागावी म्हणून तर बनवलीय. चोराच्या हाताची आपल्याला कशाला फिकर?”

जगदेवरावांना फिकीर होती, कारण चोर नव्हताच. राजवाड्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात शिरून चोराने काय न्यायचं, हे त्यांना स्वतःलाही सुचलं नसतं. कुंपण हवं होतं ते सुभद्राबाईंसाठी. वर्षभरापासून त्यांच्या मनातली सालं उलटसुलट झाली होती. दुपार कलली की त्या ठेवणीतलं लुगडं नेसून माहेरी निघत. माहेर रस्त्यापलीकडेच, पण आईवडील कधीच गेलेले आणि त्या घरात आता पिठाची गिरणी. मधे आग्रा-मुंबई रस्ता. गेल्या आठवड्यात धामनोदकडे निघालेला एक ट्रक त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरने खाली उतरून आधी त्यांच्या पाया पडून घेतलं आणि मग शिव्या दिल्या. बाईंना दोन्हीचं कारण कळलं नाही.

हे गावात सांगायचं कसं? बायकोला भ्रम झालाय म्हणण्यापेक्षा देवासात चोर वाढलेत म्हणणं सोपं होतं. गावानेही ते आनंदाने मानलं. दोघातिघांनी तर नवी कुलपं आणली.

“दगडी भिंत घाला, पुरुषभर,” शेजारच्या विश्वासरावांनी सुचवलं.

“टेकडी दिसायची बंद होईल. हिला ओसरीवरून देवीला हात जोडायची सवय आहे.”

“मग थोर लावा.”

“त्याचा चीक डोळ्यांत जातो.”

“जगदेवराव, तुम्हाला चोर अडवायचाय की त्याची बडदास्त ठेवायचीय?”

शेवटी लाकडी पट्ट्यांचं कुंपण ठरलं. प्रत्येक पट्टी जगदेवरावांनी हात फिरवून, कुसळ राहिलं नाही ना, हे पाहून घेतली. फाटकाची कडी बाहेरून बसवली, तेव्हा खंडोजीने कपाळाला हात लावला. “भिया, ही तर चोराची सोय झाली!”

सुभद्राबाईंनी दुसऱ्याच दिवशी पट्ट्यांमधून हात घालून कडी काढली. मग कुलूप आलं.

कुलपाच्या पहिल्या दुपारी जगदेवराव एका जुन्या सरदारांकडे सत्यनारायणाला गेले होते. कोपऱ्यावरूनच त्यांना हाक ऐकू आली. “कोंडलं हो मला! कुणी आहे का?” सुभद्राबाई फाटक गदागदा हलवत होत्या. विश्वासराव आपल्या ओसरीवर आले होते. त्यांनी कुलूप पाहिलं, बाई कुलपाच्या कोणत्या बाजूला आहेत तेही पाहिलं आणि ते आत निघून गेले. पुढे त्यांनी चोरांचा विषय कधी काढला नाही.

जगदेवराव किल्ली काढत धावत आले. पूजेसाठी म्हणून डोक्यावर दरबारी पागोटं होतं. ते पाहताच सुभद्राबाईंनी फाटक सोडलं. त्यांनी पदर सावरला.

“शिपाईदादा, जरा थोरल्या पातीत जाऊ द्या ना. आईने बोलावलंय.”

राजांच्या वेळी रस्त्याची ही बाजू धाकट्या पातीची, म्हणजे धाकट्या राजाच्या वाटणीची, आणि ती थोरल्या पातीची होती. एका गावात दोन राजे, दोन कचेऱ्या आणि हद्दीवर पागोटेवाला शिपाई. त्याला विचारल्याशिवाय पलीकडे पाऊल टाकायचं नाही, अशी सुभद्राबाईंना सासूबाईंची ताकीद होती. अठ्ठेचाळीस साली मोठमोठ्या लोकांनी सह्या केल्या आणि दोन्ही पात्या मध्यभारतात विरून गेल्या. सुभद्राबाईंची सही कुणी घेतली नव्हती.

“अगं, मी...” जगदेवराव म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी मान ताठ केली. “आज हुकूम नाही, बाईसाहेब.”

“बरं.” त्या मुकाट्याने वळल्या, घरात गेल्या, लुगडं बदललं आणि आमटीला डाळ शिजत घातली.

कुलूप निघालं. दुपार कलली की जगदेवराव मागच्या दाराने बाहेर पडत आणि पागोटं चढवून फाटकाबाहेर उभे राहत.

“कुणाच्या चाकरीत?” विश्वासरावांनी आपल्या ओसरीवरून विचारलं.

“धाकट्या पातीच्या.”

विश्वासरावांनी मान डोलावली आणि एक स्टूल आणून दिलं. शिपाई बसत नसतो, म्हणून जगदेवरावांनी ते परत केलं.

वैशाखात ऊन फार झालं. एका दुपारी नेहमीचा नकार ऐकूनही सुभद्राबाई वळल्या नाहीत. तिथेच घुटमळल्या.

“एक सांगू का, दादा? मी इथवर येते ते आमच्याकडे कळवू नका हं. ते दफ्तरखान्यात असतात. उगीच घाबरे होतात.”

“नाही कळवणार.”

“भला माणूस आहे हो. बोलून दाखवत नाही.” त्यांनी शिपायाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. “केवढा घाम आलाय तुम्हाला! थांबा.”

त्या तांब्या घेऊन आल्या. परक्या पुरुषाला भांडं द्यायचं नाही, हे त्यांच्या नीट लक्षात होतं. जगदेवरावांनी पट्ट्यांवरून ओणवे होऊन ओंजळ पुढे केली आणि सुभद्राबाईंनी वरून पाण्याची बारीक धार धरली.