बोगद्यातलं दुसरं दार

बोगद्यात आग लागलीच तर कुठं पळायचं, हे माणसांना शिकवणं हेच रईसाचं काम होतं. शहागंजातल्या शेजारणींना ते काम वाटतच नसे. "म्हणजे तू नेमकं करतेस काय?" असं विचारायच्या आणि ती सांगू लागली की मधेच भाजीच्या भावावर घसरायच्या. पण वेरूळच्या पुढं डोंगर पोखरून रेल्वेचा लांबलचक बोगदा झाला होता, थोड्याच महिन्यांत त्यातून गाड्या धावणार होत्या, आणि हे काम कुणीतरी करायलाच हवं होतं. मोठ्या बोगद्याला लागून दुसरा एक अरुंद बोगदा होता, नुसता सुटकेचा. दोन्हींच्या मधे थोड्या थोड्या अंतरावर लोखंडी दारं. गाडी आत पेटली तर माणसांनी जवळचं दार ढकलायचं आणि पलीकडच्या स्वच्छ हवेत जायचं. सगळी व्यवस्था या एका ढकलण्यावर उभी होती. त्या दाराला कडी नको आणि कुलूप तर मुळीच नको.

आणि कुलपं होती. सुटकेच्या बोगद्यातली तांब्याची केबल चोरीला जायला लागली, तेव्हा दारांची देखभाल बघणाऱ्या सुपरवायझरनं साखळ्या घालून कुलपं ठोकली. हा सुपरवायझर म्हणजे रईसाचा धाकटा भाऊ जावेद. तिनंच शब्द टाकून त्याला तिथं चिकटवलं होतं. कुलपंही त्यांचे अब्बा करीमचाचा यांच्या शहागंजातल्या दुकानातली. घरचीच माणसं आणि घरचाच माल.

रईसा त्याच्याशी कडाकडा भांडली होती. "कुलूप नसलं तर केबल जाईल जावेद. कुलूप राहिलं तर माणसं जातील. तालमीच्या आधी एकूणएक काढ."

सुटकेच्या तालमीच्या सकाळी तिनं पुन्हा विचारलं.

"निकाल दिया आपा, सब के सब," जावेद म्हणाला. "तेरी कसम."

सख्ख्या भावानं शपथ घेतल्यावर बहीण काय प्रत्येक दाराला हात लावून बघणार? तिनं विश्वास ठेवला.

तालीम म्हणजे खोटी आग, नाटकातला धूर, पण माणसं खरी. बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या गावातले लोक प्रवासी व्हायला लवकर तयार झाले नव्हते. "तुमी धूर सोडणार अन् आमी त्यात मुकाट बसायचं व्हय?" दगडाबाईनं सगळ्यांच्या वतीनं तोंड उघडलं होतं. तेव्हा रईसानं आपला हुकमी पत्ता टाकला. "माझे अब्बा बसतील तुमच्यासोबत. दमा आहे त्यांना. मग तर झालं?" दार हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून तिनं तेवढी जोखीम घेतली. अब्बा इस्त्रीचा कुर्ता घालून, अत्तर लावून, लग्नाला यावं तसे आले. त्यांचा दम्याचा पंप नेहमीसारखा रईसाच्या पर्समधे होता. अम्मी गेल्यापासून तो तिच्याकडंच असे, कारण अब्बा तो विसरत आणि जावेदच्या तो कधी ध्यानातच येत नसे.

अशा तालमींची एक रीत ठरून गेलेली आहे. पाहुण्यांना पहिलं दार दाखवायचं. त्याला ताजा रंग, बिजागऱ्यांना तेल, पुढं रांगोळीसुद्धा. माणसं पळतात, दार उघडतं, टाळ्या होतात, चहा होतो. दुसऱ्या दाराकडं आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण तपासणीला आलेल्या अपेक्षा मॅडम जरा वेगळ्या निघाल्या. त्यांनी धुराचं यंत्र उचलून थेट पहिल्या दारासमोर ठेवायला लावलं. "आग काय आपल्याला विचारून लागते?" त्या म्हणाल्या. त्या क्षणी जावेदचा चेहरा रईसानं पाहिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ती माणसांची रांग लावत होती. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढं, म्हणजे कुणी मागं राहत नाही, हा तिचा नेम होता. म्हणून अब्बा पुढं, त्यांचा हात धरून ती, आणि मागं सगळं गाव.

धूर सुटला तशी ती सगळ्यांना दुसऱ्या दाराकडं घेऊन निघाली. दाराशी पोचल्यावर अब्बांनी ऐटीत दार ढकललं. साखळी खळ्ळकन वाजली.

टॉर्चच्या उजेडात पितळी कुलूप लोंबत होतं. अब्बांनी ते हातात घेतलं, अंगठा फिरवला, आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. आपल्या दुकानातलं कुलूप त्यांना ओळखायला उजेड लागत नव्हता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मागची माणसं खोकायला लागली होती, कुणीतरी रडायला लागलं होतं. रईसानं सगळ्यांना पदर, रुमाल तोंडाला लावून खाली वाकायला सांगितलं आणि आल्या वाटेनं, धुरातून, पहिल्या दारानं बाहेर काढलं. अब्बांच्या छातीतून शिट्टी वाजत होती. तिनं त्यांना पंप दिला, पाणी दिलं, बोगद्याबाहेरच्या मंडपात खुर्चीवर बसवलं.

तोवर जावेद "मी बघून येतो" म्हणत रुळांवरची मोटार-ट्रॉली घेऊन आत गेला होता. परतला तो चेहरा धुऊन आल्यासारखा.

"कुलूप वगैरे काही नाही मॅडम," तो अपेक्षा मॅडमना म्हणाला. "आत्ता हातानं उघडून आलो. रईसा मॅडम घाबरल्या असतील."

रईसा मॅडम! जन्मात त्यानं तिला आपाशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

मॅडमनी दगडाबाईला विचारलं. "आमी लई मागं व्हतो बाई," ती म्हणाली. "धुरात काय दिसतंय?"

"मग दारापाशी पुढं कोण होतं?"

सगळ्यांच्या नजरा अब्बांकडं गेल्या. रईसाला हायसं वाटलं. पाचही वेळची नमाज पढणारा तिचा बाप, गिऱ्हाइकालाही कधी खोटं न सांगणारा.

अब्बांनी रुमालानं तोंड पुसलं. "कुलूप नव्हतं, मॅडम," ते म्हणाले. "दार जड होतं. म्हाताऱ्या हातानं सरकलं नाही. पोरगी गडबडली जराशी."

रईसाला क्षणभर वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती त्यांच्या खुर्चीशी वाकली. "अब्बा, तुम्ही हात लावलात त्याला."

"तू पढी-लिखी है बेटा," ते तिच्याकडं न बघता पुटपुटले. "तुझे कोई भी रख लेगा. उसे कौन रखेगा?"

तिला जावेदचा राग आला होता, पण त्या रागात नवं काही नव्हतं. शाळेत काच फोडली तेव्हापासून तो असाच होता. अब्बांनी मात्र केसानं गळा कापला. अगदी मायेनं, बेटा म्हणून. आणि तिची नोकरी जाणं हे त्यातलं लहान दुःख होतं. दार नुसतं जड ठरलं, तर उद्या कुलपं पुन्हा लागणार होती, आणि मग खऱ्या गाडीतली खरी माणसं, लेकराबाळांसकट, त्या साखळ्या ओढत बसणार होती.

ती ताठ उभी राहिली. "मॅडम, तालीम पुन्हा घ्या. आत्ता, लगेच. या वेळी धूर दुसऱ्या दारासमोर सोडा. आम्ही तिसऱ्या दारानं निघतो. जावेदला एकाच दारापर्यंत जायला वेळ मिळाला आहे."

जावेदनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"रांगेत पहिले अब्बाच," रईसा म्हणाली. "उठा अब्बा. दार नुसतं जडच आहे ना? या खेपेला मी ढकलते."

दगडाबाईनं पदर खोचला. "चला बाबा. तुमी संगं बसला म्हणून तर आमी आत शिरलो व्हतो. तुमी म्हणता कुलूप नाय, मग मी बी येते."

अब्बा उठले नाहीत. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. एकदा जावेदकडं पाहिलं, एकदा बोगद्याच्या काळ्या तोंडाकडं.

"चला करीमचाचा," अपेक्षा मॅडम शांतपणं म्हणाल्या.

ते तसेच बसून राहिले. थोडा वेळ वाट पाहून मॅडम कामगारांकडं वळल्या. "कटर घ्या. मला सगळी दारं बघायची आहेत."

ट्रॉलीचं इंजिन सुरू झालं. दारं आता उघडणार होती. रईसाचं म्हणणं खरं ठरणार होतं, आणि तिला त्याचा काडीचा आनंद नव्हता. अब्बांची छाती पुन्हा शिट्टी वाजवू लागली. सवयीनं त्यांचा हात तिच्या पर्सकडं गेला. तिनं पंप काढला, हलवला, त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांचा श्वास नीट लागेपर्यंत ती थांबली. मग तिनं तो पंप जावेदच्या हातात ठेवला.

"आजपासून हे तू बघ," ती म्हणाली. "त्यांनी तुला निवडलं आहे."

"रईसा," अब्बांनी मागून हाक मारली.

ती ट्रॉलीत मॅडमच्या शेजारी जाऊन बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "तिसऱ्या दाराशी थांबवा."