मागचा नंबर

माझी बायको दाक्षायणी गेली त्याला आता नऊ महिने होतील. ऑगस्टमध्ये डेंग्यूने चार दिवसांत गेली. मी नवी पेठेत चादरी-टॉवेलच्या दुकानात कामाला आहे. स्वयंपाक मला येत नव्हता. तो शिकावा लागला, कारण आमच्या अक्षताला कुणाच्याही हातचं चालत नाही.

अक्षता अकरा वर्षांची आहे. आठव्या वर्षी तिला सीलियाक निघाला. गव्हात जो चिकटपणा असतो तो तिच्या आतड्याला सोसत नाही. पोळी, बिस्कीट, रवा, शेवया, सगळं कायमचं बंद. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. पथ्य पाळायचं आणि दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. गहू पोटात जात असेल तर रक्तातला एक आकडा वर राहतो, बंद झाला की हळूहळू उतरतो. तो वीसच्या आत हवा. पहिल्यांदा दोनशेच्या वर होता. दाक्षायणीने तीन वर्षांत तो चौदावर आणला. चौदाचा रिपोर्ट जुलैमध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात ती गेली.

कपाटाच्या दाराला आतून तिने यादी चिकटवली होती. साधा हिंग नको, त्यात गव्हाचं पीठ असतं. बाहेरचा सॉस नको. सुटा मसाला नको. डब्यावरचं वाचल्याशिवाय काही नको. मी त्या यादीतलं एक अक्षर सोडलं नाही. घरात गहू येऊच दिला नाही. मीही ज्वारीची भाकरीच खात होतो. माझी भाकरी थापताना नकाशासारखी एका बाजूला पसरायची. अक्षता म्हणायची, "अप्पा, ही अक्कलकोटच्या पुढं कर्नाटकात गेली की."

जानेवारीत गड्ड्याची जत्रा झाली आणि चार-पाच दिवसांनी आम्ही रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात असताना मोबाईलवर रिपोर्ट आला. एकशे बारा. मला वाटलं मध्ये टिंब असेल, मला दिसत नसेल. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. टिंब नव्हतं.

गड्ड्यात ती मैत्रिणींबरोबर दोन तास गेली होती. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"काय खाल्लंस गड्ड्यात?"

"पेरू. आणि शेंगा."

"खरं सांग."

"खरंच, अप्पा."

"मग हे एकशे बारा काय आभाळातून पडले?"

मी तिच्या पाठीत एक ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही. दप्तर उचलून आत जाताना म्हणाली, "आईने आधी विचारलं असतं."

"मी विचारलंच की."

"तुम्ही विचारलं नाही. ठरवूनच आलात."

थोड्या वेळाने मी तिला जेवायला वाढलं. भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी. तिने ताटातली सगळी भाकरी संपवली.

दुसऱ्या दिवशी अक्षताला घेऊन दवाखान्यात गेलो, तिच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला. मी गड्ड्याचं सांगितलं तर त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "एका दिवसाच्या खाण्याने आकडा इतका चढत नाही. रोज थोडं थोडं जातंय, आणि घरच्याच खाण्यातून जातंय. शोधा. मे महिन्यात पुन्हा तपासू. उतरला नाही तर दुर्बीण घालून आतडं बघावं लागेल."

दुर्बीण म्हटल्यावर अक्षताने माझी बाही धरली. आठव्या वर्षी एकदा घातली होती. तिने हळूच विचारलं, "पुन्हा बेशुद्ध करणार?" आदल्या दिवशी मी मारलं होतं, तरी तिने बाही माझीच धरली.

मग मी शोधत बसलो. तवा बदलला. काठवट बदलली. मीठ, हळद, हिंग, सगळं नवीन आणलं. ज्वारीचा व्यापारी बदलला. दुकानातून आल्यावर डबे उपसायचे, पुसायचे, पुन्हा भरायचे. अक्षता भाकरीचा तुकडा हातात घेऊन माझ्याकडे बघायची, खाऊ का म्हणून. मी खा म्हणायचो. दुसरं काय म्हणणार? ज्वारीत गहू नसतो हे मला पक्कं माहीत होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पीठ संपलं. गल्लीच्या तोंडाला तिप्पण्णाची गिरणी आहे. चक्की एकच, सगळं धान्य तिच्यावरच. दाक्षायणी गेल्यापासून तिप्पण्णा मला रांगेत उभा राहू द्यायचा नाही. मला बघितलं की म्हणायचा, "पाप." तो मूळचा अक्कलकोटच्या पलीकडचा. त्यांच्या कानडीत पाप म्हणजे बिचारा. "पाप, घरात बाई न्हाय, दुकान हाय, लेकरू हाय. अण्णा, डबा आना हिकडं." रांगेतली माणसंही सरकून वाट द्यायची. दहा मिनिटांत मी घरी. त्या सहा महिन्यांत मला बरं वाटावं अशी तेवढीच एक गोष्ट होती.

दाक्षायणीला मात्र गिरणीत दोन-दोन तास लागायचे. मी टोमणा मारायचो, "गिरणीत संसार थाटलायस का?" ती म्हणायची, "माझा नंबर मागंच असतो." मी ते सोडून द्यायचो. मला वाटायचं, बसत असेल गप्पा मारत.

त्या रविवारी कुणाचातरी गहू दळून संपला आणि तिप्पण्णाने सवयीने माझा डबा उचलला. रांगेत आमच्या शेजारच्या जगदेवीकाकू होत्या.

"का रं तिप्पण्णा, गव्हावर टाकतो व्हय त्याची ज्वारी?"

"मंग? पुढं घेतलं की त्यास्नी."

"दाक्षायणी कवा पुढं आली न्हाय. म्या म्हणायची, जा बाई, तुजं दोन पायलीच हाय. न्हाय म्हणायची. गहूवाले समदे जाऊ द्यायची. मंग ज्वारीचे चार-पाच डबे हुईस्तोवर बसायची. मंग हिचा डबा. त्यातबी पैलं ओंजळभर पीठ गाईला. लई चिडवलं तिला. म्हणलं, दळण हाय का सोवळं?"

मी विचारलं, "का बसायची ते सांगितलं होतं का तिने?"

"सांगितलं की. गहू चक्कीत चिकटून ऱ्हातो, काकू, माज्या पोरीला तेवढाबी चालत न्हाय. तुला ठावं न्हाय व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. यादीत विकत घ्यायच्या वस्तू होत्या. बसून राहणं कुठं विकत मिळतं, म्हणून ते यादीत नव्हतं.

तिप्पण्णाने डबा खाली ठेवला. पट्टा बंद केला. एकदम शांत झालं. तो म्हणाला, "अण्णा, देवाशप्पत, मला वाटायचं तिला बायकांत बसायला आवडतंय."

"मलाही तेच वाटायचं," मी म्हणालो.

"मीच घातलं की मंग लेकराच्या पोटात. पुढं घिऊन घिऊन." तो पोत्यावर बसला. तोंडाला लागलेलं पीठ पुसत म्हणाला, "पाप."

या वेळी तो कानडीत म्हणाला की मराठीत, मला कळलं नाही.

तुझी चूक नाही म्हणालो. घाई मलाच असायची. ज्वारीचा डबा तसाच घेऊन घरी आलो. तांदूळ घरात होता, त्या दिवशी भात केला.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाच डबे गेल्यावरही थोडं राहतंच, खात्री हवी असेल तर घरीच दळा. मग घरघंटी घेतली. ती जिन्यावरून वर आणायला तिप्पण्णाच आला. पाठीवर घेऊन, दर पायरीला थांबत. म्हणाला, "बघा अण्णा, आपलं गिऱ्हाईक आपल्याच पाठीवरनं घालवाय लागलोय." अक्षता हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. त्याने तिला घरघंटी चालू-बंद करायला शिकवलं आणि चहा न घेता गेला.

दर रविवारी मी दळतो. आवाजात काही ऐकू येत नाही. दळण होईपर्यंत मी बाजूला स्टुलावर बसतो. तशी गरज नसते.

मेमध्ये रक्त दिलं. दोन दिवस मी मोबाईल खिशातून काढला नाही. तिसऱ्या दिवशी अक्षताला घेऊन सरळ दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्याकडे फिरवला. अडतीस.

"वीसच्या आत नाही," मी म्हणालो.

"पण उतरतोय ना. वेळ लागतो. दुर्बीण नको. आता सहा महिन्यांनी बघू."

रिक्षात अक्षता कागद मांडीवर घेऊन बसली होती. सात रस्त्याच्या चौकात रिक्षा थांबली तेव्हा म्हणाली, "अप्पा, मी गड्ड्यात काही खाल्लं नव्हतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्या दिवसापासून."

"मग मला का नाही म्हणालात?"

मी डॉक्टरीणबाईंशी बोललो होतो. तिप्पण्णाला तुझी चूक नाही म्हणालो होतो. जगदेवीकाकूंचे आभार मानले होते. पीठ कुठून बिघडलं हे अक्षतालाही सांगितलं होतं. पण त्या मारण्याबद्दल चार महिने मी तोंड उघडलं नव्हतं. तिचाच नंबर मी मागं ठेवला होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मारायला नको होतं."

ती कागद बघत राहिली. मग म्हणाली, "आईचा चौदा होता."

"हो."

"म्हणजे अजून चोवीस उतरायचे."

"हो," मी म्हणालो. रिक्षा निघाली. घरी पीठ संपलं होतं, जाऊन दळायचं होतं.