विह्ता म्हणणारी बाई

हिल्का मावशीच्या भाड्याच्या शीतगृहात गेल्या उन्हाळ्यात बांधलेल्या सहा हजार वस्ता होत्या. वस्ता म्हणजे पानांसकट बर्चच्या डहाळ्यांची जुडी. सौनात, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत बसून अंगावर हाणून घ्यायची. एका मोठ्या दुकानाने युहान्नुसच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाला तिला फळीवर जागा दिली होती, फक्त यंदापुरती. माल खपला नाही तर मावशी परत इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या नोकरीवर. म्हणून मार्केटिंग एजन्सी हवी होती, आणि मी रसायनशास्त्र शिकलेली भाची म्हणून निवड माझ्या गळ्यात पडली.

मी तक्ता केला. अनुभव, खर्च, वेळ, ग्राहकाचं ऐकण्याची तयारी. पहिल्या एजन्सीला ९१ गुण, दुसरीला ८८. दोन्हीकडच्या माणसांनी मावशीच्या प्रत्येक वाक्यावर मान डोलावली होती.

तिसऱ्या एजन्सीची आन्निका पश्चिम किनाऱ्यावरच्या तुर्कूहून आली. मावशी म्हणाली, आधी सौना. तक्ता बाहेर ठेवून आम्ही तिघी आत बसलो, आणि मी सवयीने तापमापक बघत राहिले.

"विह्ता मस्त बांधलीय," आन्निका म्हणाली.

मावशीचा हात हवेतच थांबला. पश्चिमेकडचे लोक वस्ताला तसं म्हणतात, पण आमच्या पूर्वेकडच्या सावोमध्ये नाही.

"वस्ता," मावशी म्हणाली.

"तुमच्याकडे वस्ता. पाकिटावर तेवढंच छापलंत तर अर्धा देश फळीसमोरून पुढे निघून जाईल."

मावशीने तापल्या दगडांवर ओगराळंभर पाणी ओतलं. ९२ अंश.

"माझी आई वस्ता म्हणायची."

"माझी विह्ता." आन्निकाने तिच्या हातातून ओगराळं घेतलं. ९९.

"अगं पोरी, तुला काम हवंय की नको?"

"हवंय. पण कामासाठी वस्ता म्हणणार नाही."

१०५. मी सर्वांत खालच्या, जरा कमी तापलेल्या बाकावर उतरले.

"सावोची माणसं सरळ उत्तर देत नाहीत असं ऐकलं होतं," आन्निका म्हणाली. "तुम्ही तर देताय."

"आणि तुर्कूच्यांना लाज असते असं मी ऐकलं होतं."

११२. मग कोण आधी उठलं ते मला सांगता येणार नाही. तिघी धक्क्यावरून धावत सुटलो आणि थेट तळ्यात. पाणी सहा अंश. म्हणजे एकशे सहा अंशांचा फरक. हा हिशोब मी ओरडून सांगितला आणि मावशीला हसू आवरेना. आन्निकाच्या नाकात पाणी गेलं तरी ती खोकत खोकत "विह्ता" म्हणत होती.

काठावर टॉवेल गुंडाळून मावशीने विचारलं, "हिला गुण किती?"

"एकसष्ट. ऐकण्याच्या रकान्यात शून्य."

"आणि भांडणाचा रकाना?"

"तो नाही केला."

"मग काय शिकलीस तू पाच वर्षं?" तिचे दात वाजत होते. "ते आधीचे दोघे माझ्याशी भांडले नाहीत. उद्या दुकानदाराने आपल्या वस्ता मागच्या फळीवर ढकलल्या तर त्याच्याशी काय भांडणार? ही त्याला उकळून काढेल."

"विह्ता," आन्निका म्हणाली.

"हिलाच घेऊ."

पाकिटाच्या एका बाजूला वस्ता, दुसऱ्या बाजूला विह्ता, इथपर्यंत दोघींचं जमलं. दर्शनी बाजू कोणती, ती ओळ करारात अजून कोरी आहे. त्यासाठी शनिवारी सौना पुन्हा तापवणार आहेत, आणि तापमापक मीच वाचायचा आहे.